मांगा शिकणाऱ्याची रेघ

जपानी 'मांगा' पद्धतीची चित्रे आता घरोघर पोचली आहेत. मुळगावच्या एखाद्या मुलाने शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर टोकदार केसांचा, विशाल डोळ्यांचा वीर रेखाटला, तर त्यात नवल वाटण्याचे कारण नाही. कोणी वडीलधारे त्यास परकीय खूळ म्हणतील, कोणी कौतुकाने पाठ थोपटतील. आम्हांस हे दोन्ही अभिप्राय उथळ वाटतात. हे 'पिंतूर' काढताना मूल काय शिकते, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

नवशिक्यांसाठी लिहिलेली पुस्तके बहुधा एकाच क्रमाने शिकवितात. प्रथम वर्तुळ, त्यावर एक उभी व एक आडवी रेघ, आडव्या रेघेवर दोन मोठे डोळे, नाकाच्या जागी ठिपका, मग निमुळती हनुवटी. थोड्याच दिवसांत चेहरा साधतो आणि मुलास हुरूप येतो. या आनंदास आम्ही कमी लेखीत नाही. गाणारासुद्धा आरंभी गुरूच्या गळ्यातूनच स्वर उचलतो. परंतु त्याच मुलास पुढे आपली आजी, देवळातला भटजी आणि बाजारातली मासळीवाली काढावयास सांगावी. तिघांचे डोळे तेच, हनुवटी तीच. केस तेवढे निराळे! चेहऱ्याची एक खूण हाती आली, पण माणसे पाहण्याची सवय लागली नाही, असाच याचा अर्थ.

खुद्द जपानात मात्र 'मांगा' या नावाने प्रसिद्ध झालेला सर्वांत विख्यात ग्रंथ शिष्यांना चित्रकला शिकविणारा कित्ता होता. होकुसाई या चित्रकाराच्या या ग्रंथाचा पहिला भाग १८१४ साली निघाला आणि पंधरावा त्याच्या मृत्यूनंतर, १८७८ साली. त्यात सलग कथा नाही. मल्ल, कारागीर, न्हाणारी माणसे, पक्षी, मासे, पाऊस, देव आणि भुतेही आहेत. भोवतालचे जग पाहावे आणि थोडक्या रेघांत पकडावे, हा त्याचा धडा. विसाव्या शतकात ओसामु तेझुका (१९२८–१९८९) यांनी कथाचित्रांस नवे वळण दिले. त्यांनी आपल्या चित्रांस चित्रलिपीची उपमा दिली होती. ती मार्मिक आहे. मोठा डोळा हे त्या लिपीतले अक्षर होय. आणि अक्षर गिरविता आले म्हणजे सांगण्याजोगे काही सुचतेच, असे नाही.

अशी लिपी आमच्याकडेही होती. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी रामायण-महाभारतातील आख्याने सुट्या चित्रांच्या पोथीवरून सांगतात: एकेक चित्र पुढे धरावयाचे, गावयाचे, मग दुसरे. त्या चित्रांतही डोळे मोठेच असतात आणि राम व राक्षस पाहताक्षणी ओळखू येतात. ही परंपरा जपणारे परशुराम गंगावणे यांस २०२१ साली पद्मश्री मिळाली. जपानात रस्त्यावर चित्रे दाखवून गोष्टी सांगण्याची 'कामिशिबाई' नावाची रीत होती. शिगेरु मिझुकी यांच्यासारखे मांगाकार तीतूनच पुढे आले. तेव्हा चित्रामागून चित्र लावून कथा पुढे नेणे आमच्या मुलांस परके वाटू नये.

रेघेचे शिक्षण तर आमच्या देवळांच्या भिंतींवरच आहे. कावी चित्रांत पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या कावेचा थर देतात आणि तो ओला असतानाच लोखंडी काट्याने खरवडून आतला पांढरा रंग उघडा करतात. येथे खोडरबर नाही. चुकलेली रेघ झाकता येत नाही, म्हणून हात उचलण्यापूर्वी डोळ्यांनी चित्र पुरते करावे लागते. मोरजीच्या श्रीमोरजाईच्या देवळात हे काम आहे. मांगा शिकणाऱ्याने तेथे तासभर बसून वेल, मोर, देवता पाहाव्यात. काळ्या-पांढऱ्याचा मेळ कसा साधावा, हे कोणत्याही पुस्तकापेक्षा तेथे अधिक कळेल.

लोटलीचे मारियो मिरांडा (१९२६–२०११) यांनी व्यंगचित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतले नव्हते. लहानपणी ते घराच्या भिंतीवर चित्रे काढीत, तेव्हा आईने त्यांच्या हाती कोरी वही दिली, असे सांगतात. पुढे तरुणपणी त्यांनी चित्रमय रोजनिशी ठेवली. गावची लग्ने, पाद्री, शेजारी, कुत्री, सारी तीत आली. त्यांच्या आकृतींचे डोळेही वाटोळे व मोठे आहेत. परंतु त्या डोळ्यांमागे प्रत्येक वेळी निराळे माणूस आहे.

म्हणून आमचे सांगणे इतकेच: मुलाने मांगा खुशाल गिरवावा. मात्र रोज एक पान पाहून काढलेल्या चित्राचे असावे. केळबाईच्या देवळातली समई, ढोल वाजविणाऱ्याचे मनगट, शिरगावी बहीण लईराईच्या जत्रेत बेतकाठी घेऊन चाललेला धोंड, जे दिसेल ते. मग तोच वीर मुळगावच्या वाटेवरून चालू लागेल. वडीलधाऱ्यांकडेही एक मागणे आहे. जीर्णोद्धाराच्या उत्साहात कावीच्या भिंतीवर रंग वा फरशी चढविण्यापूर्वी ती भिंत मुलांस एकदा दाखवावी. ती पाहिल्यावर वही घेऊन तिच्यापुढे बसणारे एक मूल जरी निघाले, तरी फरशीचा बेत फिरविण्यास तेवढे कारण पुरे आहे.