कर्ता आणि करण

यंत्राविषयी लिहिलेले ग्रंथ बहुधा लवकर जुने होतात. ज्या यंत्राचा गौरव त्यांत असतो ते अडगळीत गेले, की ग्रंथही त्याच्यामागून अडगळीत जातो. जोसेफ वायझेनबॉम यांचा ‘कॉम्प्युटर पॉवर अँड ह्यूमन रीझन’ हा 1976 साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ या नियमाला अपवाद ठरला आहे. त्यात वर्णिलेले संगणक आज संग्रहालयातच शोभावेत. तथापि त्यात उपस्थित केलेला प्रश्न अद्याप निकालात निघालेला नाही. संगणकाला काय काय करता येईल, हा तो प्रश्न नव्हे. करता येत असले तरी त्याच्याकडून काय करवून घेऊ नये, आणि करवून घेतल्यास त्याचे उत्तरदायित्व कोणाचे, हा तो प्रश्न होय.

ग्रंथकार स्वतः संगणकशास्त्रज्ञ होते, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. 1923 साली बर्लिनमध्ये एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला आणि 1936 साली हे कुटुंब जर्मनी सोडून अमेरिकेस गेले. पुढे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विख्यात संस्थेत ते प्राध्यापक झाले. तेथे त्यांनी रचलेल्या आणि 1966 साली प्रसिद्ध केलेल्या एका आज्ञावलीस त्यांनी ‘एलिझा’ असे नाव दिले. शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकातील, शुद्ध बोलावयास शिकणाऱ्या फुलवालीचे हे नाव. पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’मुळे मराठी प्रेक्षकाला ही मुलगी परकी नाही. यंत्रातील एलिझा मात्र शब्दांचा अर्थ जाणत नव्हती. समोरच्याने टंकलिखित केलेल्या वाक्यातील एखादा ठरावीक शब्द हेरावयाचा आणि त्याचेच वाक्य थोडे फिरवून प्रश्नरूपाने परत करावयाचे, एवढीच तिची विद्या. ‘आई’ हा शब्द दिसला, की कुटुंबाविषयी आणखी सांगा, असे म्हणावयाचे.

एवढ्याशा करामतीने माणसे भारली. वायझेनबॉम यांचे काम कित्येक महिने जवळून पाहणाऱ्या त्यांच्या सचिव बाईंनी यंत्राशी संभाषण सुरू केले आणि थोड्याच वेळात त्यांनाच खोलीबाहेर जाण्याची विनंती केली. कित्येक मानसोपचारतज्ज्ञांना तर आता रुग्णांवरील उपचार यंत्रावर सोपविता येतील अशी आशा वाटू लागली. आपल्या कृतीला मिळालेल्या या अनपेक्षित यशाने कर्ता आनंदित झाला नाही, अस्वस्थ झाला. प्रस्तुत ग्रंथाचा उगम या अस्वस्थतेत आहे.

ग्रंथाचे उपशीर्षकच विवेकाकडून गणनाकडे होत असलेल्या प्रवासाचा निर्देश करते. नियमांनुसार आकडेमोड करून निष्कर्षाप्रत पोहोचणे हे एक, आणि आपल्या अनुभवाच्या, करुणेच्या व मूल्यांच्या बळावर निवड करणे हे दुसरे. पहिले यंत्राला साधते. दुसरे माणसाचेच कर्म आहे, असा ग्रंथकाराचा सिद्धांत आहे.

हा सिद्धांत मराठी वाचकाला आपल्या व्याकरणातून अधिक सुगमतेने समजेल. आपल्या तृतीया विभक्तीचा ‘ने’ हा प्रत्यय कर्त्यालाही लागतो आणि करणालाही लागतो. ‘सुताराने करवतीने लाकूड कापले’ या वाक्यात कर्ता कोण आणि साधन कोणते याविषयी कोणाचा गोंधळ होत नाही. लाकूड वाकडे कापले गेल्यास जाब सुताराला विचारतात, करवतीला नव्हे. परंतु ‘संगणकाने तूट दाखविली’ असे म्हणताच सुतार वाक्यातून नाहीसा होतो आणि करवत त्याच्या जागी जाऊन बसते. वायझेनबॉम यांचा सारा ग्रंथ म्हणजे करणाला कर्तृपद देऊ नका, असा एक प्रदीर्घ आग्रह आहे.

अनाकलनीय झालेल्या आज्ञावलींविषयीचे प्रकरण या दृष्टीने सर्वांत मोलाचे आहे. मोठी आज्ञावली एकाच्या हातून होत नाही. अनेकजण वर्षानुवर्षे तिला ठिगळे लावीत जातात. मूळ रचणारे निघून जातात. शेवटी ती संपूर्णपणे जाणणारा कोणीच उरत नाही, आणि तरीही तिच्या निष्कर्षांवर माणसांचे भवितव्य ठरते. असे झाले म्हणजे जबाबदारी संपत नाही, केवळ तिचा धनी दिसेनासा होतो, हा ग्रंथकाराचा इशारा होता.

इंग्लंडमधील टपाल खात्याच्या प्रकरणाने हा इशारा किती यथार्थ होता याचा दारुण प्रत्यय दिला. 1999 पासून तेथील टपाल कचेऱ्यांत ‘होरायझन’ नावाची हिशेबाची संगणकप्रणाली बसविण्यात आली. कंत्राटाने टपालाची खिडकी चालविणारे गावोगावचे पोस्टमास्तर, ज्यांतील अनेकांचे त्याच जागेत लहानसे दुकान असे, पडद्यावर उमटलेली तूट पदरमोड करून भरू लागले. ज्यांना ते शक्य झाले नाही, त्यांच्यावर चोरीचे व खोट्या हिशेबाचे खटले झाले. पुढील सुमारे सोळा वर्षांत 900 हून अधिक माणसे दोषी ठरली. संगणक बरोबर चालत होता असेच तेथील न्यायालये गृहीत धरीत. ते चूक आहे असे दाखविण्याचा भार ज्याच्या हाती कसलीच साधने नव्हती त्या आरोपीवर पडे. प्रणालीत दोष होते आणि दुरून शाखेच्या हिशेबात फेरफार करता येत होता, हे 2019 साली उच्च न्यायालयाने मान्य केले. 2024 साली कायदा करून शेकडो शिक्षा एकदम रद्द कराव्या लागल्या.

या प्रकरणातील एक बाब विशेष मननीय आहे. खटल्यांत तज्ज्ञ म्हणून साक्ष देणाऱ्या अभियंत्याने ज्ञात दोष न्यायालयापुढे मांडले नव्हते, असा लेखी अभिप्राय खुद्द टपाल खात्याच्याच वकिलाने 2013 साली दिला होता. म्हणजे दोष यंत्रात होता, परंतु मौन माणसांचे होते. यंत्र खोटे बोलू शकत नाही, कारण ते बोलतच नाही. त्याच्या वतीने कोणीतरी बोलतो किंवा गप्प बसतो.

तथापि वायझेनबॉम यांच्या ग्रंथाची मर्यादाही येथेच दिसून येते. त्यांची दृष्टी व्यक्तीच्या सदसद्विवेकावर खिळलेली आहे. एकट्या शास्त्रज्ञाने धैर्याने ‘नाही’ म्हणावे, हे त्यांचे आवाहन उदात्त आहे. पण कचेरी, कंत्राट आणि वरिष्ठांची प्रतिष्ठा यांच्या जाळ्यात ते ‘नाही’ कसे गिळले जाते, याचे विवेचन अपुरे राहिले आहे. बोलणे ओळखणारी यंत्रे पाळत ठेवण्याच्याच कामी येतील या भयाने त्या संशोधनाचा त्यांनी केलेला धिक्कारही एकांगी वाटतो. आज दृष्टिहीनांना आणि अपंगांना त्याच यंत्रांचे साहाय्य होत आहे. जॉन मॅकार्थी यांनी या ग्रंथावर उपदेशकी वृत्तीचा ठपका ठेवला होता. तो सर्वस्वी अन्याय्य म्हणता येत नाही. संगणकाच्या रचनेवरील आरंभीची प्रकरणेही सामान्य वाचकाची बरीच परीक्षा पाहतात.

असे असले तरी ग्रंथाच्या अखेरीस संगणकशास्त्राच्या शिक्षकाला उद्देशून केलेले कथन हे सर्व दोष झाकून टाकते. साधनाचे सामर्थ्य शिकविणाराने त्याच्या मर्यादाही तितक्याच निष्ठेने शिकविल्या पाहिजेत, असा त्याचा आशय आहे. हैदराबाद, पुणे, इंदूर येथील मराठी घरांतून असंख्य तरुण या व्यवसायात शिरत आहेत. त्यांच्या पाठ्यक्रमात गणन पुष्कळ आहे. त्यांनी हा ग्रंथ वाचावा, आणि पुढे कधी ‘संगणकच तसे दाखवितो’ हे वाक्य ओठांवर आले तर त्यातील कर्ता शोधावा. पुष्कळदा तो बोलणारा स्वतःच निघेल.