मालशे, ताराबाई आणि आमचा जिल्हा

आपल्या वाङ्मयीन चर्चांत लेखकाचा विद्रोह येतो, समीक्षकाची भूमिका येते; संपादक येत नाही. आलाच तर संशयित म्हणून येतो. कोणाचे छापायचे आणि कोणाचे साभार परत पाठवायचे हे ज्यांच्या हाती होते, त्यांच्याविषयी आपल्या मनात अढी असावी हे स्वाभाविक आहे. ती मलाही आहे, आणि येथील प्रस्थापित वाङ्मयव्यवहाराने तिला कारणेही पुरेपूर दिली आहेत. तरी डॉ. स. गं. मालशे यांचे नाव निघाले की मी सावरून बसतो. त्यांना मी कधी पाहिले नाही. माझी त्यांची ओळख दोन पुस्तकांच्या शीर्षकपृष्ठांवरची. एवढ्या ओळखीवर एखाद्या माणसाविषयी जिव्हाळा वाटावा, हे बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसालाच कळेल.

पहिले पुस्तक म्हणजे धनंजय कीर आणि मालशे यांनी संपादिलेले 'महात्मा फुले समग्र वाङ्मय'. ते महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने 1969 साली काढले. त्याआधी फुले आम्हाला ऐकून ठाऊक होते. बाबासाहेबांनी बुद्ध आणि कबीर यांच्याबरोबर त्यांना गुरू मानले, म्हणून ते आमचे होते. 'गुलामगिरी' हे नाव भाषणात हमखास यायचे. पुस्तक मात्र बोलणाऱ्याने पाहिलेले असेलच असे नाही. आमच्या वसतिगृहात त्या जाड ग्रंथाची एकच प्रत होती आणि आज ती कोणाच्या खाटेवर आहे हे विचारत फिरावे लागे. फुल्यांच्या नावाने घोषणा देणे आणि फुल्यांचे वाक्य वाचून त्यावर रात्रभर भांडणे, यांत फार अंतर आहे. ते अंतर आमच्या पिढीने या एका संपादनाच्या जोरावर कापले.

त्याच ग्रंथात 'सत्सार' आहे. त्याच्या 1885 च्या दुसऱ्या अंकात जोतीराव एका बाईच्या पुस्तकाची पाठराखण करतात. पुस्तक 'स्त्रीपुरुष तुलना' आणि बाई ताराबाई शिंदे, बुलढाण्याची! सिंदखेडराजा जिजाऊंचा, लोणारला सरोवर, शेगावला महाराज, एवढे जिल्ह्यातल्या पोरासोरांनाही येते. ताराबाईचे नाव मात्र कोणा गुरुजींनी वर्गात घेतल्याचे मला आठवत नाही.

मालशे यांनी 1975 साली ते पुस्तकच आपल्यापुढे ठेवले. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने ते प्रसिद्ध केले. मूळ पुस्तक 1882 सालचे. पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात पाचशे प्रती निघाल्या होत्या, किंमत नऊ आणे. बुलढाण्याला आजही रेल्वे नाही. मलकापूरला उतरून राजूरचा घाट चढावा लागतो. त्या पाचशेंतल्या किती प्रती तेव्हा हा घाट चढून आल्या असतील? ताराबाईचे वडील बापूजी हरी शिंदे येथे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत मुख्य कारकून होते, सत्यशोधक होते. एका घरात तरी ते पुस्तक असणारच. पुढे त्र्याण्णव वर्षे ते आमच्यासाठी नव्हतेच.

पुस्तकामागचे निमित्त सुरतेकडचे. विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला 1881 साली भ्रूणहत्येच्या आरोपावरून फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती कमी झाली. त्यावर 'पुणे वैभव' पत्राने समस्त स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले. ताराबाई उठली आणि तिने पुरुषांचाच हिशेब मांडला. पुनर्विवाहाची बंदी कोणी घातली, पतिव्रताधर्म एकट्या बाईलाच का, पुराणांतल्या देवांचे वर्तन कोणत्या मापाने मोजायचे, हे ती विचारते. नव्या कादंबऱ्या-नाटकांतली बाईची चित्रेही तिने सोडली नाहीत. म्हणजे ती आपली एक आद्य समीक्षकही आहे, हे आमच्या समीक्षकांच्या फारसे ध्यानी आलेले नाही. तिचे वाक्य लांब, धापा टाकणारे, मध्येच कोपरखळी मारणारे. बोलता बोलता ती चिडते आणि चिडूनही मुद्दा सोडत नाही. संपादकाने ते वाक्य घासूनपुसून सभ्य केले असते तर निबंध राहिला असता, बाई गेली असती. जुने गद्य हाताळण्याची मालशे यांची तयारी जुनी होती. फादर स्टीफन्सच्या 'क्रिस्तपुराणा'च्या भाषेवर त्यांनी प्रबंध लिहिला होता. ज्याने सतराव्या शतकातली मराठी ओळ न ओळ तपासली, त्याला ताराबाईची धाप अशुद्ध वाटण्याचे कारण नव्हते.

ताराबाईचा डोळा मुख्यतः घरंदाज घरातल्या कोंडीवर आहे. उन्हातान्हात निंदणीला जाणारी, गावकुसाबाहेरची बाई तिच्या तुलनेत जवळजवळ नाही. हे म्हटलेच पाहिजे. पण हे म्हणण्यासाठीसुद्धा पुस्तक हाती लागते. मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध 1855 साली 'ज्ञानोदया'त छापला गेला आणि मिशनऱ्यांच्या पत्राचे जुने अंक जपले गेले, म्हणून आज आपण मुक्ता आणि ताराबाई शेजारी ठेवून वाचू शकतो. त्या निबंधात मांग-महारांच्या बायका उघड्यावर बाळंत होतात. ताराबाईत जे नाही ते तेथे आहे. आमच्या जलशांच्या वह्या, गावोगावच्या सभांची पत्रके, वाळवीने खाल्लेली आंबेडकरी गीतांची चोपडी यांना कोण जपणार? विद्रोह करणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. पानाचा आकडा, अंकाची तारीख आणि मूळ पाठ यांच्यासाठी डोळे फोडून घेणारे आपल्यांत किती, हा प्रश्न मी कार्यकर्त्यांच्या शिबिरांत विचारला की लोक घड्याळाकडे पाहतात.

मालशे यांच्यावर मला एक गोष्ट ढकलता येत नाही. ताराबाईच्या जन्ममृत्यूची वर्षे आजही अंदाजाने सांगितली जातात. ती कोणत्या आळीत राहिली, 1882 नंतर तिने काय लिहिले, लिहिलेच नसेल तर का नाही, हे शोधायला मुंबईच्या संपादकाने राजूर घाट चढावा अशी अपेक्षा करणे बरे नव्हे. जुनी दप्तरे, देवघरातली बासने, पोथ्यांबरोबर बांधून ठेवलेले कागद आमच्या तालुक्यांत आहेत. येथील मराठीच्या प्राध्यापकांनी, त्यांत मीही आलो, पोरांना त्या कामाला लावायला हवे. पदवीच्या एका वर्गाला उन्हाळ्याच्या सुटीत एक एक घर वाटून दिले तरी पुष्कळ होईल.

मालशे यांनी दिलेल्या धाग्यावर पुढे काम झाले. रोझलिंड ओ'हॅनलन यांनी 1994 साली ताराबाईला इंग्रजीत नेले. विलास खोले यांनी 1997 साली पुण्याहून मराठीत नवी आवृत्ती सिद्ध केली. माझ्या विद्यार्थिनी आता तीच वाचतात. मालशे 1992 सालीच गेले होते. यांतले काही त्यांना पाहायला मिळाले नाही.