माप कोणाच्या हातात?

पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव उघड बोलीने होतो. तो पाहताना मला त्र्यं. ना. आत्रे यांचा ‘गावगाडा’ (१९१५) आठवतो. बलुतेदारीची बारीकसारीक नोंद आत्रे करतात. परंतु हिशेब मांडतात तो कुणब्याच्या खळ्यावर बसून. मातंगाने दोर वळला, केरसुणी बांधली. चर्मकाराने मोट शिवली. मोबदला सुगीला, धान्यात. याला कोणी वस्तुविनिमय म्हणतात. मी म्हणत नाही. विनिमयात दोघांनाही ‘नाही’ म्हणता येते. इथे वस्तू एकाची आणि माप दुसऱ्याचे. वस्तूचे मोल करणाऱ्याच्या जातीवरून ठरे. दया पवारांनी १९७८ साली आपल्या आत्मकथनाला ‘बलुतं’ हे नाव दिले आणि त्या शब्दावरचा मुलामा उतरला.

१९८० साली नाशिक जिल्ह्यातला शेतकरी कांद्याच्या भावासाठी रस्त्यावर उतरला. उत्पादनखर्चावर आधारित भाव, ही त्याची मागणी रास्तच होती. माझा प्रश्न एवढाच : केरसुणी बांधणाऱ्या हातांचा उत्पादनखर्च कोणी, कधी मांडला? गावगाड्यावर लिहिणाऱ्यांनी आधी हा हिशेब करावा. मग खुशाल स्वयंपूर्ण खेड्याचे गोडवे गावेत.