राईनपाडा आणि झुंडहत्येची कायदेशीर व्याख्या : एक चिकित्सा

धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी, आठवडे बाजाराच्या दिवशी, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. भारतीय दंड संहितेत तेव्हा झुंडहत्येचा स्वतंत्र गुन्हा नव्हता. कलम ३०२ व १४९ यांवरच भिस्त होती. १७ जुलै २०१८ रोजी तहसीन पूनावाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने संसदेस तशा स्वतंत्र गुन्ह्याची शिफारस केली. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३(२) मध्ये तो आला. ही संहिता १ जुलै २०२४ रोजी, राईनपाड्याच्या घटनेनंतर बरोबर सहा वर्षांनी, अमलात आली. हा अर्थात योगायोग.

या कलमानुसार पाच वा अधिक व्यक्तींच्या गटाने संगनमताने केलेला खून वंश, जात किंवा समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा वा 'अन्य तत्सम' कारणावरून झालेला असावा लागतो. खरी अडचण येथेच उद्भवते. अशा प्रसंगी बचाव पक्ष म्हणेल की, जमावाने जात पाहिलीच नाही. त्याला दिसली ती मुले पळविणारी टोळी. अफवा हे 'तत्सम' कारण ठरते काय? सूचीतील शब्दांच्या जातकुळीचाच अर्थ लावावयाचा, तर ठरत नाही. परंतु अफवा कोणावर चिकटते, हा प्रश्न व्याख्येत शिरतच नाही. ती गावच्या सावकारावर चिकटत नाही. झोळी घेऊन दारोदार फिरणाऱ्या परक्यावर चिकटते. हा संशय जमावाने एकट्याने निर्माण केलेला नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही समाजांना जन्मतःच गुन्हेगार मानले. तो १९५२ मध्ये रद्द झाला, तरी १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियमाने गाणे, नाचणे, भविष्य सांगणे यांच्या निमित्ताने भिक्षा मागणेही गुन्ह्याच्या कक्षेत आणले. भटक्याचा पसरलेला हात कायद्याला स्पष्ट दिसला; त्याच्यावर उगारलेला हात ओळखताना मात्र कारणाचा पुरावा हवा.

शिक्षेतही भेद नाही. कलम १०३(१) व १०३(२) या दोहोंत मृत्युदंड किंवा आजन्म कारावासच आहे. गंभीर दुखापतीच्या कलम ११७(२) व ११७(४) मध्येही कमाल मर्यादा सात वर्षांचीच. जमावातील प्रत्येकास जबाबदार धरण्याची सोय जुन्या कलम १४९ मध्ये होतीच. तेव्हा नव्या तरतुदीने वाढले ते मुख्यतः अभियोग पक्षावरील सिद्धतेचे ओझे. हेतू सिद्ध करण्याच्या भीतीने तपास अधिकारी साध्या खुनाचेच कलम लावील, तर झुंडहत्या गुन्ह्याच्या नोंदीतही दिसणार नाही.