एका ग्राहीचे नाव : 'आर.डी.एल.'विषयी काही विचार

फळमाशीच्या चेतासंस्थेवरील लेखनात 'आर.डी.एल.' हे नाव वारंवार आढळते. (फळमाशी म्हणजे येथे प्रयोगशाळेतील ड्रॉसोफिला, आंब्याचा नाश करणारी माशी निराळ्या कुळातील. मराठीने दोघींना एकच नाव देऊन घोटाळा करून ठेवला आहे.) ग्राही हे पेशीपटलावरील प्रथिन, त्याला विशिष्ट चेतापारेषक चिकटला म्हणजे पेशीच्या वर्तनात फरक पडतो. आर.डी.एल.चा स्वाभाविक चेतापारेषक गाबा होय. नावाचा अर्थ मात्र 'डिल्ड्रिनला प्रतिकार' असा आहे, आणि डिल्ड्रिन हे कीटकनाशक. म्हणजे नाव ग्राहीच्या कार्याचे नसून, तो ज्या वाटेने सापडला त्या वाटेचे आहे.

ही वाट उपेक्षणीय नव्हे. विषाने न मरणाऱ्या माश्यांतील हे जनुक १९९१ मध्ये हाती लागले, आणि १९९३ मध्ये फ्रेंच-कॉन्स्टंट व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, ३०२ व्या स्थानी ॲलॅनिनऐवजी सेरिन येताच प्रतिकार उत्पन्न होतो.

परंतु पृष्ठवंशीयांच्या ग्राहीशी असलेल्या रचनासाम्यावरून त्याला गाबाग्राही ठरविणे पुरेसे नव्हते. मराठीतील 'शिक्षा' आणि हिंदीतील 'शिक्षा' यांचे मूळ एकच. तरी एकीने अपराध्यास दंड होतो, दुसरीने विद्यार्थी शहाणा होतो. साम्याने नाते सिद्ध होते, अर्थ नव्हे. म्हणूनच बेडकाच्या अंडपेशीतील प्रयोगाचे मोल अधिक : तेथे हा ग्राही उतरविल्यावर गाबामुळे क्लोराइडचा प्रवाह वाहू लागला. मात्र पृष्ठवंशीयांच्या 'गाबा-ए' ग्राहीला रोखणारे बायक्युक्युलिन येथे जवळजवळ निष्प्रभ ठरते.

असे असता लिउ, क्राउझ व डेव्हिस यांनी २००७ च्या निबंधाच्या शीर्षकातच आर.डी.एल.ला 'गाबा-ए ग्राही' म्हणावे, हे खटकते. निबंध मात्र भक्कम आहे. मेंदूतील अळंबीच्या आकाराच्या पिंडांत हा ग्राही वाढविला, तेव्हा गंध आणि विजेचा धक्का यांची सांगड घालण्यास माशी मंद झाली. घटविला, तेव्हा ती अधिक तत्पर झाली. बिघाड करून कार्य मंदावणे सोपे असते, ते सुधारणे क्वचितच साधते. म्हणून दुसऱ्या निष्कर्षाला अधिक वजन द्यावे लागते. स्मृती टिकण्यावर मात्र परिणाम दिसला नाही, ही मर्यादा लेखकांनी स्वच्छपणे नोंदविली आहे.

२००८ मध्ये त्याच ३०२ व्या स्थानच्या बदलाचा संबंध निद्रेशीही जोडला गेला. असा बदल असलेल्या माश्या दिवा मालवल्यावर इतरांपेक्षा लवकर झोपी जातात. आणि त्यांच्या या झोपेशी डिल्ड्रिनचा काडीचाही संबंध नाही.