नवरीच्या पाठीशी कोण?

(केळशी येथील व्याख्यानाचं शब्दांकन)

आज बोलायचंय महेश दत्तानींच्या 'थर्टी डेज इन सप्टेंबर' या नाटकाबद्दल. २००१ सालचं हे इंग्रजी नाटक. दिल्लीच्या 'राही' या संस्थेनं ते लिहवून घेतलं. लहानपणी लैंगिक अत्याचार सोसलेल्या, आता मोठ्या झालेल्या बायकांसाठी ही संस्था काम करते. नाटकातल्या मालावर अत्याचार करणारा तिचा मामाच आहे.

आता आपल्याकडे मामाचं गाव म्हणजे आंबे, फणस, मे महिन्याची सुट्टी. मुंबईची पोरं इथे केळशीत येतात ती याच नात्यानं. अंतरपाट धरला की नवरीच्या पाठीशी उभा राहतो तोही मामाच. तेव्हा 'हे शहरातलं काहीतरी' असं म्हणायची सोय नाही.

नाटकाची खरी ताकद आईत आहे, शांतामध्ये. तिला कळलेलं असतं. ती मुलीला खायला घालते, देवापुढे बसते आणि विषय निघालाच तर मुलीच्या आठवणीवर शंका घेते. मालाचा आईवरचा राग मामावरच्या रागाहून कमी नाही. हे दत्तानींनी अचूक पकडलंय. मोठेपणी तोंड उघडणाऱ्या बाईला पोलिसांच्या आधी भीती असते ती आई काय म्हणेल याची.

शेवट मात्र मला पटत नाही. शांतावरही त्याच भावानं अत्याचार केले होते, हे शेवटी कळतं. प्रेक्षक हळहळतो, आईला माफ करून टाकतो. म्हणजे मुलीवर विश्वास ठेवायला आईनंही तेच भोगलेलं असावं लागतं की काय? ज्या आईनं, मावशीनं, जावेनं ते भोगलेलं नाही, तिला नाटक सहज सोडून देतं.

शिवाय मालाला समुपदेशकाकडे नेणारा तिचा मित्र दीपक आहे. इथल्या बाईला असा दीपक कुठून मिळणार? तिला आधी दापोलीची एसटी पकडायची, आणि स्टँडवर 'कुठे निघालीस गं?' विचारणारी चार माणसं असतातच.

कायद्याचं म्हणाल, तर पॉक्सो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला. त्याआधी घडलेल्याला तो लागत नाही. आज चाळिशीत असलेल्या बाईचं बालपण त्यात बसतच नाही. जुनी कलमं आहेत, पण त्यांतल्या व्याख्या फार तोकड्या.

उरतं घर. घरानं 'तेव्हाच का नाही बोललीस?' हे विचारू नये. सात वर्षांच्या पोरीकडे त्यासाठी शब्द तरी होते का? ती गौरी-गणपतीला माहेरी येणार असेल, तर त्या माणसाला बोलावू नये. तो का आला नाही असं वाडीत कुणी विचारलं, तर उत्तर आईनं द्यावं, भावानं द्यावं. तिच्यावर ढकलू नये. आणि लग्न ठरलेली मुलगी 'मामा पाठीशी नको' म्हणाली, तर मावशीनं उभं राहावं. मंगलाष्टकं काही अडत नाहीत.