'संथ' म्हणजे नक्की काय? : 'स्क्रॅचेस' हा भयखेळ आणि खेळाडूंची मतं



मागच्या काही लेखांत आपण प्रश्नावली, मुलाखत आणि निरीक्षण या तीन मार्गांनी डेटा कसा गोळा करतात ते पाहिलं. त्यावर बऱ्याच जणांनी एकच गोष्ट विचारली : लोकांनी आधीच लिहून ठेवलेली मतं, म्हणजे रिव्ह्यू, डेटा म्हणून वापरता येतात का? वापरता येतात. फक्त ती वाचायची कशी हे ठरवल्याशिवाय एक्सेल उघडू नका. आज एकच उदाहरण सविस्तर घेऊ. उदाहरण एका कॉम्प्युटर गेमचं आहे आणि तो मी स्वतः पूर्ण खेळले आहे, त्यामुळे खेळाबद्दलचं माझं मतही या लेखात येईल.

खेळ कोणता?

खेळाचं नाव 'स्क्रॅचेस', म्हणजे ओरखडे. अर्जेंटिनातल्या न्यूक्लिओसिस या अगदी छोट्या कंपनीने तो बनवला आणि 2006 साली तो बाजारात आला. रचना अगुस्तिन कोर्देस यांची, दृश्यांचं बरंचसं काम अलेहांद्रो ग्रात्सियानी यांचं. एवढ्या कमी माणसांनी केलेला खेळ वीस वर्षांनंतरही चर्चेत आहे, ही साधी गोष्ट नाही.

कथा घडते इंग्लंडमध्ये, 1976 साली. मायकेल आर्थेट नावाचा लेखक नवी कादंबरी पूर्ण करायला ब्लॅकवुड कुटुंबाच्या जुन्या, रिकाम्या घरात राहायला येतो. आधीच्या मालकाबद्दल, त्याच्या बायकोच्या मृत्यूबद्दल बऱ्याच गोष्टी अर्धवट राहिलेल्या आहेत. तीन दिवस तुम्ही त्या घरात फिरता, कपाटं उघडता, पत्रं आणि डायऱ्या वाचता, फोनवर मित्राशी बोलता. रात्री कुठूनतरी ओरखडण्याचा आवाज येतो. बस, एवढंच. मागे लागणारा राक्षस नाही, हातात बंदूक नाही.

हा 'पॉइंट अँड क्लिक' प्रकारचा खेळ आहे. पडद्यावर एका जागेचं स्थिर चित्र असतं, तुम्ही जागच्या जागी चौफेर बघता, माउसने एखाद्या वस्तूवर किंवा दारावर क्लिक करता आणि पुढच्या जागी पोचता. एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा मुद्दा तिच्यावर उभा आहे : या खेळातला वेळ घड्याळाप्रमाणे पुढे जात नाही. तुम्ही ठरावीक कामं केलीत की मगच संध्याकाळ होते.

मतं काय सांगतात?

या खेळाबद्दल खेळाडूंची मतं वाचायला घेतलीत तर दोन गट पटकन दिसतील. पहिला गट म्हणतो, वातावरण जबरदस्त आहे, हेडफोन लावून रात्री खेळा. दुसरा म्हणतो, खेळ फार संथ आहे, तासन् तास काहीच घडत नाही. तिसरी तक्रार शेवटाबद्दल असते, तिच्याकडे नंतर येऊ.

नवखा संशोधक इथे काय करतो? स्तुती एका रकान्यात, तक्रार दुसऱ्या रकान्यात, मग टक्केवारी आणि शेवटी पाय चार्ट. प्रकरण संपलं. या पद्धतीत सगळ्यात कामाची माहिती गळून पडते, कारण दोन्ही गट बहुतेक वेळा खेळातल्या एकाच गोष्टीबद्दल बोलत असतात. काहीच घडत नाही, हे दोघांनाही मान्य आहे. एकाला त्याची भीती वाटली, दुसऱ्याला जांभई आली.

मग फरक आला कुठून? 'लोकांच्या आवडीनिवडी वेगळ्या असतात' हे उत्तर खरं आहे, पण संशोधनात ते आपल्याला कुठेच नेत नाही. त्यापेक्षा 'संथ' हा एक शब्द फोडून बघू.

दोन प्रकारचं थांबणं

खेळताना तुम्ही दोन वेगवेगळ्या कारणांनी थांबता.

पहिलं थांबणं असं : तुम्ही एका अंधाऱ्या खोलीत उभे आहात. पुढे काय करायचं ते माहीत आहे, उदाहरणार्थ तळघरात जायचं आहे. पण पाऊल उचलत नाही. आवाज ऐकता, वळून मागे बघता. दार उघडायला दोन सेकंद पुरतात, तुम्ही वीस लावता. हा वेळ खेळाने तुमच्यावर लादलेला नाही, तुम्हीच तो घालवताय. भीती तयार होते ती याच वेळात. रिकामं घर, जुनी पत्रं, दिवसाउजेडी निर्धोक वाटलेला जिना, हे सगळं आधी दोन तास दाखवून ठेवलंय ते या वीस सेकंदांसाठी.

दुसरं थांबणं वेगळं. तुम्ही सगळं घर तीनदा पालथं घातलंय. आता काय करायचं ते कळत नाही. संध्याकाळ काही होत नाही, कारण कुठल्यातरी एका वस्तूकडे बघायचं राहिलंय किंवा एक फोन करायचा राहिलाय. मग तुम्ही पडद्याच्या प्रत्येक कोपऱ्यावर माउस फिरवायला लागता. खेळाडू याला 'पिक्सेल हंटिंग' म्हणतात. अशा वेळी ते घर भीतिदायक राहत नाही, हरवलेली किल्ली शोधायच्या कपाटासारखं होतं. तुम्ही आता मायकेल नसता, वैतागलेले तुम्हीच असता.

हे दोन्ही प्रकार रिव्ह्यूमध्ये 'संथ' या एकाच शब्दाखाली येतात. पहिला प्रकार खेळाचा कणा आहे आणि दुसरा रचनेतला खरा दोष. माझं मत विचाराल तर 'स्क्रॅचेस' पहिल्या बाबतीत फार वरच्या दर्जाचा आहे आणि दुसऱ्या बाबतीत बेफिकीर. पहिल्या दिवसाची संध्याकाळ उगाचच अडून राहते, आणि तिथे खेळ सोडून देणाऱ्या माणसाला 'तुला भय कळलं नाही' असं म्हणणं अन्यायाचं आहे. चाहते नेमकं तेच म्हणतात. दुसरीकडे, तक्रार करणारे पहिल्या प्रकाराची शिक्षाही खेळाला देऊन टाकतात.

यात नुकसान कोणाचं? 'संथ आहे' एवढंच ऐकून एखाद्या रचनाकाराने सगळा खेळ वेगवान केला, दर पाच मिनिटांनी काहीतरी अंगावर धावून येईल अशी सोय केली, तर दोष जाईलच असं नाही, गुण मात्र नक्की जाईल. आणि तुम्ही तुमच्या प्रबंधात 'इतक्या टक्के खेळाडूंना खेळ संथ वाटला' असं लिहिलंत, तर हा चुकीचा सल्ला तुम्ही आकड्यांचा शिक्का मारून दिलेला असेल.

वॉकथ्रूचा गोंधळ

आता एक मीडिएटर पाहू. मीडिएटर म्हणजे काय, तर कारण आणि परिणाम यांच्या मधे येणारा, कारणाचा प्रभाव परिणामापर्यंत पोचवणारा तिसरा घटक. इथे आपण तो मोजलेला नसतो.

अडकलेला खेळाडू वॉकथ्रू उघडतो, म्हणजे कोणीतरी लिहून ठेवलेली पायरी-पायरीची उत्तरं. एकदा उघडल्यावर तो सहसा बंद करत नाही. आता तो यादी बघून चालतो : या खोलीत जा, हे उचल, तिथे वापर. पहिल्या प्रकारचं थांबणं संपलं, कारण दारामागे काय आहे ते त्याने वाचलेलं आहे. शेवटी तो लिहितो की खेळात भीतिदायक असं काही नाही. तो खोटं बोलत नाहीये. त्याने खेळलेल्या खेळात खरंच काही नव्हतं.

म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या थांबण्याने त्याला वॉकथ्रूकडे ढकललं आणि वॉकथ्रूने पहिल्या प्रकारचं थांबणं मारलं. ही साखळी लक्षात आली तर 'भीती वाटली नाही' या तक्रारीचं मूळही बऱ्याचदा त्या अडलेल्या संध्याकाळीच सापडेल. रिव्ह्यू वाचताना म्हणूनच स्वतंत्र रकाना ठेवा : या माणसाने मदत घेतल्याचा उल्लेख आहे का? उल्लेख नसेल तर 'माहीत नाही' लिहा. 'नाही' लिहू नका.

शेवट आणि अपेक्षा

शेवट फोडून सांगत नाही, ज्यांना खेळायचा असेल त्यांनी निर्धास्त वाचा. घरात जे घडलं त्याची दोन स्पष्टीकरणं खेळ शेवटपर्यंत सोबत ठेवतो. एक अलौकिक : आफ्रिकेतून आणलेला एक मुखवटा आणि त्याचा शाप. दुसरं पूर्ण मानवी : एका कुटुंबाने चार भिंतींत दडवलेलं गुपित. कुठलं खरं, याचा स्पष्ट निकाल खेळ देत नाही आणि खेळाडू त्यावर भांडतात.

साहित्याच्या अभ्यासकांना इथे त्स्वेतान तोदोरोव आठवतील. 1970 सालच्या त्यांच्या पुस्तकात त्यांनी अद्भुत साहित्याची व्याख्याच अशी केली की वाचक दोन स्पष्टीकरणांमध्ये घुटमळतो तोपर्यंतच ते 'अद्भुत'. निकाल लागला की वेगळा प्रकार सुरू होतो. या कसोटीवर 'स्क्रॅचेस'चा शेवट अर्धवट म्हणता येत नाही, तो प्रकाराला धरूनच आहे.

पण कसोटी खेळाडूवर लादू नका. आपल्याकडे नारायण धारपांच्या 'समर्थ' कथा वाचून वाढलेल्या वाचकाला अमानवी शक्ती खरोखरच असते आणि तिला तोंड देणारा कोणीतरी जाणता माणूसही असतो याची सवय आहे. असा वाचक या शेवटावर नाराज झाला तर त्याची नाराजी ही एका वेगळ्या परंपरेची अपेक्षा आहे. रिव्ह्यूमध्ये 'शेवट फसला' दिसलं की विचारा : याला निकाल हवा होता की वेगळा निकाल हवा होता? दोन्हींचे कोड वेगळे.

मग कामाला कसं लागायचं?

हे चार मुद्दे वहीत लिहून ठेवा.

1. कोण बोलत नाहीये? मी पर्यावरणशास्त्राची विद्यार्थिनी. आमच्याकडे बिबट्या दिसला नाही म्हणून 'बिबट्या नाही' असं लिहिता येत नाही. तसंच इथे. पहिल्या संध्याकाळी खेळ सोडलेल्या कित्येकांनी काहीच लिहिलेलं नसतं. आणि इतका जुना खेळ आज मुद्दाम शोधून खेळणारा माणूस बहुतेक त्याची कीर्ती ऐकूनच आलेला असतो. हे सॅम्पल स्वतःच स्वतःला निवडतं.

2. अंगठा म्हणजे मत नाही. स्टीमवर रिव्ह्यू देताना शिफारस आहे किंवा नाही, एवढे दोनच पर्याय असतात. 'वातावरण अप्रतिम, पण अर्ध्यात सोडला' असं म्हणणाऱ्याने काय दाबायचं? तिथे किती तास खेळला तेही दिसतं. तो आकडा मजकुराशेजारी नोंदवा.

3. सेंटिमेंट ॲनालिसिस जपून. भयखेळाच्या रिव्ह्यूमध्ये 'घाबरले', 'झोप उडाली', 'दार उघडवेना' हे शब्द स्तुतीचे असतात. शब्दयादीवर चालणारं साधं टूल त्यांना नकारात्मक मोजतं. आधी पन्नासेक रिव्ह्यू स्वतः वाचा, मग यंत्राकडे द्या.

4. दुसरा माणूस आणा. तुमचे कोड एखाद्या मित्राला समजावून सांगा आणि तेच रिव्ह्यू त्याला स्वतंत्रपणे कोड करायला द्या. मग कोहेनचा कप्पा काढा. जेकब कोहेन यांनी 1960 साली मांडलेलं हे माप योगायोगाने जुळणारा भाग वजा करून दोघांची सहमती सांगतं. आकडा कमी आला तर मित्राला दोष देऊ नका, व्याख्या पुन्हा लिहा.

'वातावरण' या शब्दाचं मी मुद्दाम काही केलेलं नाही, ते तुमच्यावर सोडते. चाहत्यांच्या प्रत्येक रिव्ह्यूत तो असतो आणि क्वचितच कोणी त्याचा अर्थ सांगतं. आवाज? अंधार? स्थिर चित्र? एकटेपणा? तुम्हाला आवडणाऱ्या कुठल्याही भयखेळाचे दहा रिव्ह्यू घ्या, दोन-तीन स्तुतीचे आणि दोन-तीन तक्रारीचे तरी असू द्या, आणि 'वातावरण' शब्दाच्या जागी रिव्ह्यू लिहिणाऱ्याला नेमकं काय म्हणायचं होतं ते त्याच्याच पुढच्या-मागच्या वाक्यांवरून भरा. जिथे भरता येणार नाही तिथे 'अस्पष्ट' लिहा. दहापैकी किती अस्पष्ट आले ते कमेंटमध्ये कळवा. पुढच्या लेखात त्याच यादीवरून कोडबुक कसं तयार करायचं ते पाहू.

आणि खेळून बघणार असाल तर अडल्यावर वॉकथ्रू जरूर उघडा, पण फक्त तेवढीच ओळ वाचून बंद करा.